मी कोळशाच्या बाजूने उभा राहतो

"गॅसवर काय, कुणीही भाजेल. कोळशाची चव गॅसला येत नाही," हे वाक्य मी मेहुण्याच्या बाल्कनीत, हातात काटा धरून, अगदी सहज बोलून गेलो. तोपर्यंत मी आयुष्यात कोळसा पेटवणं तर सोडाच, विकतसुद्धा आणला नव्हता. मी विमा कंपनीत आहे आणि आगीच्या नुकसानीचे दावे तपासतो. लोकांनी आग कशी लावू नये, या विषयाचा माझा अभ्यास दांडगा आहे. ती लावावी कशी, हा प्रश्न माझ्या टेबलावर कधी आलाच नाही.

पण मेहुण्याच्या त्या नव्या ग्रिलनं मला बोलायला लावलं. चार बटणं, चकचकीत झाकण आणि झाकणावर तापमापक. मेहुणा बायकोचा धाकटा भाऊ. टायरच्या कंपनीत मॅनेजर आहे आणि घरातही मॅनेजरच असतो. मोटारीचं बॉनेट उघडावं तसा तो झाकण उघडायचा आणि "भावोजी, दोनशे वीस!" असं जाहीर करायचा. दोनशे वीस हे चांगलं की वाईट, हे मला कळत नव्हतं. मी मान हलवत होतो.

हा सगळा थाट सासऱ्यांसाठी होता. हिवाळ्यात त्यांना मोठं आजारपण आलं. त्यातून ते बरे झाले, डॉक्टरांनी सगळं खायची परवानगी दिली, पण भूक काही परत आली नाही. अकरा किलो वजन गेलं. ताट समोर आलं की दोन घास घ्यायचे, "छान झालंय" म्हणायचं आणि ताट सरकवायचं. बायकोनं नाना प्रकार करून पाहिले. मेहुण्यानं ग्रिल आणलं. त्या दिवशीही त्यांनी कोंबडीचा एक तुकडा चघळला, "ठीक आहे" म्हणाले आणि शाल सारखी केली.

नेमक्या त्याच क्षणी माझं कोळशाचं वाक्य बाहेर पडलं. सासऱ्यांनी मान वर केली. माझ्याकडे चांगलं पाच-सहा सेकंद पाहिलं.

"मग खाऊ घाला की एकदा," ते म्हणाले.

घरी परतताना मी गाडीत या वाक्यातून बाहेर पडायच्या वाटा शोधत होतो. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, बाबांनी तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं."

सगळ्या वाटा तिथेच बंद झाल्या. रविवारनंतरचा रविवार ठरला.

दुकानात दोन्ही प्रकारची ग्रिलं शेजारी शेजारी मांडली होती. विक्रेता फार सभ्य होता. त्यानं गॅसच्या ग्रिलचं बटण दाबलं, टक्‌ झालं आणि निळ्या ज्योतींची रांग उभी राहिली. मग तो कोळशाच्या ग्रिलकडे वळला. ते म्हणजे तीन पायांवर उभी केलेली एक मोठी काळी कढई होती.

"आणि हे कसं चालतं?" मी विचारलं.

"हे जरा प्रेमानं घ्यावं लागतं," विक्रेता म्हणाला आणि त्यानं विषय बदलला.

खरं सांगायचं तर माझं मन तिथेच गॅसवर बसलं. तत्त्व वेगळं आणि टक्‌ करून पेटणारं बटण वेगळं. मी बायकोला बाजूला घेतलं. "हे बघ, आपण गॅसचं घेऊ. बाबांना सांगू कोळशाचं आहे. झाकण लावलं की आत काय आहे ते कुणाला दिसतंय?"

"चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तुम्ही झाकण लावून फसवणार?"

"फसवणं नव्हे गं. चव वाढवायला थोडी कल्पना."

बायकोनं यावर काही उत्तर दिलं नाही. माझ्या बायकोचं उत्तर न देणं सविस्तर असतं. तरीही मी गॅसचं ग्रिल बाजूला काढून ठेवायला सांगितलं आणि जादा सिलिंडरच्या चौकशीला गॅस एजन्सीत गेलो. जगात जिद्दी माणूस एकटा मीच आहे असा माझा समज होता. तो तिथल्या कारकुनानं दूर केला.

"सिलिंडर कशासाठी?" त्यानं विचारलं.

"ग्रिलसाठी."

त्यानं अर्ज उलटा केला, सुलटा केला. "कारणाच्या रकान्यात शेगडी आहे, गिझर आहे. ग्रिल नाही."

"मग शेगडी लिहा."

"शेगडी तुमची एक आहेच. दुसरी कशाला?"

"तीच तर ग्रिल."

"ग्रिल रकान्यात नाही."

अशा तीन फेऱ्या झाल्यावर त्याला माझी दया आली. 'इतर' या रकान्यात ग्रिल बसवता येईल, मात्र इमारतीच्या सेक्रेटरीचं ना-हरकत पत्र जोडावं लागेल, असं तो म्हणाला. मी सेक्रेटरींकडे गेलो. आमचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. नोंदणी कार्यालयातून निवृत्त झाले, पण कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. दिवाणखान्यात शिक्के मारायची गादी अजून ओली असते.

"पत्र देतो की," ते म्हणाले, "पण एजन्सीनं सिलिंडर मंजूर केल्याचं पत्र आधी आणा. जी वस्तू अस्तित्वातच नाही तिला हरकत नाही, असं मी कसं लिहू?"

मी एजन्सीत गेलो. कारकून म्हणाला, "ज्या जागेला परवानगीच नाही तिथे सिलिंडर कसा मंजूर करू?" मी पुन्हा सेक्रेटरींकडे आलो. असं चार दिवस चाललं. या दोन माणसांची एकमेकांशी ओळख नाही, कधी भेट नाही, तरी त्यांच्यातला एकोपा पाहून माझे डोळे भरून आले.

दरम्यान ही बातमी जिन्यातून वर आणि खाली गेली होती. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला थांबवून एकच प्रश्न विचारी, "गॅस की कोळसा?" आणि माझं उत्तर ऐकायच्या आधीच स्वतःचं देई. समोरच्या दाताच्या डॉक्टरांनी गॅसला कौल दिला, कारण आच सगळीकडे सारखी लागते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मत बदललं, कारण रात्रभर विचार केल्यावर त्यांना वाटलं की सारखी आच हे आळशीपणाचं लक्षण आहे. खालच्या मजल्यावरच्या गाणंवाल्या बाईंनी मात्र दारातच बजावलं, "मला दोन्हीतलं काही कळत नाही. धूर माझ्या गळ्यात आला तर बघा."

ऑफिसात तर अधिकच दुःखद प्रकार झाला. माझ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि गंभीर आवाजात विचारलं, "तुमच्या इमारतीचा विमा आपल्याकडेच आहे ना?"

पाचव्या दिवशी मी वैतागून सेक्रेटरींना म्हणालो, "तुमचे नियम तरी दाखवा." त्यांना परमानंद झाला. नियमांची वही उघडून ते मोठ्यानं वाचू लागले. "नियम एकोणीस. गच्चीवर गॅसचा सिलिंडर नेण्यास सक्त मनाई आहे."

"म्हणजे तुम्ही पत्र देऊच शकत नव्हता?"

"पत्र देऊ शकत होतो. सिलिंडर नेऊ देऊ शकत नव्हतो. दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

मी वही हातात घेतली. बावीस वर्षं मी विम्याच्या करारातले शब्द वाचतो आहे. लिहिलेलं कुणीही वाचतं. न लिहिलेलं वाचायला पगार मिळतो. मी एकोणीस वाचला, वीस वाचला, सगळी वही वाचली.

"कोळशाबद्दल काहीच नाही," मी म्हणालो.

सेक्रेटरींनी वही परत घेतली. पुढून मागे वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. "उल्लेख नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही," ते म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा शिक्का नव्हता.

"पण मनाई आहे असंही होत नाही."

मी ताठ मानेनं जिना चढून घरी आलो आणि बायकोला सांगितलं, "मी कोळशाच्या बाजूनं उभा राहायचं ठरवलंय." तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की नियम एकोणीसचं नाव घ्यायचं मी विसरून गेलो.

ती काळी कढई खोक्यातून घरी आली तेव्हा तिचे एकेचाळीस भाग होते. सोबतच्या कागदावर एकही अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. चित्रातला माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसत होता. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसलो आणि दोन तासांनी जी वस्तू तयार झाली ती उभी राहण्याऐवजी बसत होती.

"पाय उलटे लावलेत," बायको दारातून म्हणाली.

"चित्रात असेच आहेत."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि फिरवून परत दिला. चित्रातला माणूस आता डोक्यावर उभा नव्हता. पुढचं सगळं तिनं केलं. माझ्याकडे स्क्रू धरून ठेवायचं काम आलं. ग्रिल पूर्ण झाल्यावर माझ्या मुठीत एक स्क्रू उरला. तो कुठला, हे आजतागायत कळलेलं नाही.

शनिवारी दुपारी मी गच्चीवर तालीम घेतली. कोळशाची पिशवी मी तीन दिवस बाथरूमबाहेरच्या कोपऱ्यात ठेवली होती, त्यामुळे कोळशानं दमट हवा भरपूर खाल्ली होती. मी खाली कागद घातले, काडी लावली. कागद जळले. कोळसा शांत राहिला. पुन्हा कागद घातले. रविवारची पुरवणी गेली, जुन्या पत्रिका गेल्या, शेवटी ऑफिसचं एक परिपत्रक गेलं. ते मात्र छान पेटलं. अखेर मी बायकोचं केस वाळवायचं यंत्र लांब वायर लावून वर आणलं आणि पूर्ण वेगानं सुरू केलं.

कोळसा पेटला नाही. राख मात्र उडाली. एक मोठा, करडा, सुबक ढग वर उठला, गच्चीवर एक वळसा घालून गेला आणि दोरीवर वाळत घातलेल्या चार पांढऱ्या चादरींवर जाऊन बसला. चादरी गाणंवाल्या बाईंच्या होत्या.

त्या वर आल्या तेव्हा मी हातात केस वाळवायचं यंत्र घेऊन, काळ्या चेहऱ्यानं, चादर झटकत होतो. झटकल्यामुळे डाग लांबट होत होते.

"मी सूर लावते तेव्हा तुमच्या घरात काय येतं?" त्यांनी विचारलं.

"सूर," मी म्हणालो.

"आणि तुम्ही कोळसा लावता तेव्हा माझ्या घरात काय येतं?"

मी चारही चादरी घरी नेल्या, तीनदा धुतल्या, इस्त्री केल्या आणि घड्या घालून त्यांच्या दारात नेऊन दिल्या. त्यांनी एक घडी उलगडून उजेडात धरली. दावा तपासणाऱ्यापुढे अर्जदाराला काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

"कुणासाठी चाललंय हे सगळं?" त्यांनी विचारलं.

मी सासऱ्यांचं सांगितलं. अकरा किलोंचं सांगितलं. बाईंनी चादरीची परत घडी घातली. "उद्या मीही येते," त्या म्हणाल्या. "पण भाजलेलं पहिलं कणीस मला."

तालमीत कागदांच्या जाळावर ठेवलेला एक बटाटा मी रात्री जेवताना कापून पाहिला. बाहेरून कोळसा झाला होता, आतून शेतातून आल्यासारखा. बायकोनं तो गुपचूप उचलून नेला आणि कोळशाची पिशवी फोडून सगळा कोळसा गॅलरीत उन्हाच्या जागी पसरून ठेवला.

रविवारी अकरा वाजता मेहुणा सासऱ्यांना घेऊन आला. गाडीच्या मागच्या बाजूला त्याचं चार बटणांचं ग्रिल होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बॅकअप म्हणून, भावोजी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाबा उपाशी राहायला नकोत."

मी मनाला लावून घेतलं. पण घरच्यांसमोर ते दाखवायचं नसतं, म्हणून मी त्याचं ग्रिल वर न्यायला हात लावला. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत जाते, पुढे बारा पायऱ्या. आम्ही दोघांनी धापा टाकत ते वर चढवलं. मेहुणा सिलिंडर आणायला खाली गेला आणि बराच वेळ आला नाही. मी डोकावून पाहिलं तर सेक्रेटरी एका हातात वाळूची बादली आणि दुसऱ्या हातात वही घेऊन पायऱ्यांवर आडवे उभे होते.

"नियम एकोणीस," ते म्हणत होते.

"अहो, पण वर आग लावतायत ती चालते?"

"तिचा उल्लेख नाही."

त्या क्षणी मी सेक्रेटरींना मिठी मारली असती, पण त्यांच्या हातात बादली होती. मेहुण्याचं ग्रिल सिलिंडरवाचून भिंतीला लावलं गेलं आणि बायकोनं त्याच्या चकचकीत झाकणावर कांदे कापायला घेतले.

आता सगळी भिस्त माझ्यावर. सासरे खुर्चीत शाल पांघरून बसले होते. गाणंवाल्या बाई वाऱ्याच्या उलट बाजूला. सेक्रेटरी बादलीजवळ. मी कोळसा कढईत ओतला, कागद खोचले, काडी लावली. धूर झाला. नुसता धूर. मी फुंकर मारली, धूर माझ्याकडे आला. मी जागा बदलली, धुरानंही बदलली.

"खालून हवा द्या," मेहुणा म्हणाला.

"वरून झाका," दाताचे डॉक्टर म्हणाले. ते कधी आले होते कोण जाणे.

"वाळू टाकू का?" सेक्रेटरींनी उत्साहानं विचारलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं धुराचं किती आणि अपमानाचं किती, हे मी सांगू शकणार नाही. मी बायकोकडे पाहिलं. ती कांदा कापायची थांबली होती आणि वडिलांकडे बघत होती. सासऱ्यांनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली होती. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले.

"बाजूला व्हा, जावईबापू," ते म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझे सासरे चौतीस वर्षं एका कारखान्यात बॉयलरवर होते. ही गोष्ट मी आतापर्यंत सांगितली नाही, कारण मलाही ती आठवली नव्हती. मी विक्रेत्याला विचारलं, कारकुनाला विचारलं, दाताच्या डॉक्टरांचं दोन दिवस ऐकून घेतलं. ज्या माणसानं अख्खं आयुष्य आगीसमोर उभं राहून काढलं, त्याला आम्ही शाल पांघरून खुर्चीत बसवलं होतं.

त्यांनी आधी माझा सगळा पसारा चिमट्यानं बाहेर काढला. "केवढा कोंबलाय. श्वास कुठून घेणार तो?" मग बारीक तुकडे खाली, मोठे वर, मध्ये पोकळी, असा एक छोटा ढीग रचला. कढईच्या तळाला एक झडप होती. मला ती शोभेची वाटत होती. त्यांनी ती बोटानं फिरवून उघडली. "दगडी कोळसा वेगळा. हा लाकडी. हलका आणि रागीट. याला दामटायचं नाही." एक कागद, एक काडी. मग मेहुण्याला हुकूम, "खोक्याचा पुठ्ठा आण. जोरात नको, सावकाश वारा घाल. सावकाश म्हटलं ना!" टायर कंपनीचा मॅनेजर गुडघ्यावर बसून पुठ्ठा हलवू लागला.

ढिगाच्या पोटात एक लाल ठिपका दिसला. मग दोन.

"ठेवू का कणसं?" मी विचारलं.

"अजून नाही. राख चढू दे."

दहा मिनिटं झाली. "आता?"

"तुम्हाला ऑफिसात पण इतकी घाई असते का?"

गाणंवाल्या बाई हसल्या. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर लाल उजेड पडला होता आणि कपाळावर घाम होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना घाम आलेला मी पाहिला. कोळशांवर पांढरी साय धरली तेव्हा त्यांनी हाताचा पंजा निखाऱ्यांच्या वर धरला, मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "ठेवा."

पुढचा दीड तास आम्ही सगळे त्यांचे हाताखालचे होतो. मला कणसं फिरवायचं काम मिळालं, तेही दोनदा माझ्या हातून काढून घेतलं गेलं. कोंबडी मध्यावर, बटाटे कडेला, मिरच्या अगदी शेवटी. चरबी ठिबकली की चर्र व्हायचं आणि असा वास सुटायचा की खालच्या मजल्यावरून खिडक्या उघडल्याचे आवाज येत होते. पहिलं कणीस ठरल्याप्रमाणे बाईंना गेलं. त्यांनी एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"शिजलंय का बघतो," म्हणून सासऱ्यांनी कोंबडीचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला. "मीठ बघतो," म्हणून दुसरा. मग बटाटा आतून मऊ झालाय का, ते पाहिलं. मग एक अख्खं कणीस हातात घेऊन ते दाणे खात फिरू लागले, चिमटा दुसऱ्या हातात, निखाऱ्यांवर नजर. कणीस संपल्यावर त्यांनी उरलेला दांडा टाकला आणि न बघता हात पुढे केला. "अजून एक."

बायको एकदम पाठ फिरवून कठड्याकडे गेली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "धूर गेला डोळ्यात." धूर तिच्या उलट दिशेला जात होता.

मेहुणा माझ्याजवळ आला. त्याच्या शर्टाला काळे पंजे उमटले होते. "भावोजी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही म्हणालात ते खरं. गॅसला ही चव नाही." मी मोठ्या मनानं त्याचा खांदा थोपटला. त्यामुळे शर्टावर आणखी एक पंजा उमटला.

जेवण संपल्यावर सेक्रेटरींनी, हाताला लागलेलं तेल पुसून, वहीत नियम वीस-अ लिहिला. गच्चीवर कोळसा पेटवण्यास मुभा, मात्र जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखालीच. जाणकार व्यक्ती कोण, हे विचारायला ते थेट सासऱ्यांकडे गेले. मी वाटेत उभा होतो. ते मला वळसा घालून गेले.

तेव्हापासून दर रविवारी सासरे आमच्याकडे येतात. शनिवारीच फोन करून कोळसा उन्हात टाकला का, हे विचारतात. ते चिमटा घेऊन उभे असतात, खालून वरून माणसं ताटं घेऊन येतात आणि मी पुठ्ठा हलवतो.

दोन महिन्यांनी मी त्यांना डॉक्टरांकडे तपासणीला नेलं. डॉक्टरांनी वजन पाहिलं, काटा बिघडलाय का म्हणून त्यांना उतरवून पुन्हा उभं केलं. सहा किलो वाढलं होतं. औषध तर काही बदललेलं नव्हतं.

"आजोबा, एवढा फरक कशानं पडला?" त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी शर्टाची बटणं लावत, अगदी समाधानानं, अंगठ्यानं माझ्याकडे खूण केली.

"यांना कोळसा पेटवता येत नाही," ते म्हणाले.

बावीस वर्षांच्या नोकरीत, चार बढत्यांत आणि बदलीच्या एका निरोप समारंभात मिळून माझा इतका गौरव कुणी केला नव्हता. मी खुर्चीत जरा सरळ बसलो आणि डॉक्टरांना म्हणालो, "अजिबात येत नाही."